फ्यूज उडाला? किती वाजता?

भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना फ्यूज उडाल्यावर दोनच गोष्टी सुचतात. एक, मोबाइलचा टॉर्च लावणं. दोन, शेजारच्या काकांना हाक मारणं. काका येतात, चिनी मातीचा तो पांढरा फ्यूज खेचतात, घरात पडलेल्या कुठल्यातरी वायरमधली तांब्याची जाड तार बांधतात आणि ‘आता बघ, वर्षभर उडणार नाही’ असं सांगून चहा पिऊन जातात. काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं. फ्यूज उडत नाही. पुढच्या वेळी तापते ती थेट भिंतीतली वायर.

फ्यूज म्हणजे अख्ख्या वायरिंगमध्ये मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. तो तुटतो, म्हणून बाकीचं वाचतं. तेव्हा परत परत उडत असेल तर त्याला दामटून गप्प बसवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, तो उडतो कधी? बटण दाबल्याक्षणी फट्ट होतं, की सगळं व्यवस्थित चालू असताना दहा-वीस मिनिटांनी?

दुसरा प्रकार असेल तर संशयित बहुतेक आपणच. जरा हिशोब करू. दिव्यांच्या सर्किटला साधारण 5 अँपिअरचा फ्यूज असतो. 9 वॅटचे दहा एलईडी एकदम लावले तरी 230 व्होल्टला अर्धा अँपिअरसुद्धा होत नाही. म्हणजे नुसत्या दिव्यांनी हा फ्यूज ओव्हरलोड होणं आजकाल जवळपास अशक्य! पण दिव्यांच्या बोर्डावर जो छोटा प्लग पॉइंट असतो ना, तो बऱ्याचदा याच सर्किटवर असतो. सकाळी पावणेनऊ वाजता एका रूममध्ये 1500 वॅटची किटली (साडेसहा अँपिअर) आणि दुसरीत 1000 वॅटची इस्त्री (सव्वाचार), झाले की पावणेअकरा! साधी फ्यूज तार 5 अँपिअर ओलांडल्याबरोबर तुटत नाही, बरंच जास्त सहन करते. पण दुपटीच्या वर गेल्यावर थोड्या वेळात मान टाकतेच. उपाय फुकट आहे. किटली आणि इस्त्री मोठ्या, 16 अँपिअरच्या पॉइंटवर लावा.

पहिला प्रकार मात्र गंभीर. फट्ट म्हणजे शॉर्ट. मेन स्विच बंद करून फ्यूज बाहेर काढलात की तोच पुरावा देतो. तार मधोमध नुसती वितळून तुटली असेल तर ओव्हरलोड. चिनी माती काळी पडली असेल, धातूचे बारीक थेंब उडालेले दिसत असतील, तर शॉर्ट. ‘सीआयडी’ बघत मोठी झालेली आपली पिढी, एवढं तर जमायलाच हवं.

आता तपास. यात स्क्रू ड्रायव्हर लागत नाही आणि लागायला लागला की आपलं काम संपलं, हे आधीच ठरवून घ्या. हात कोरडे, पायात चप्पल, घरात आणखी कुणीतरी आणि शक्यतो दिवसाउजेडी. मेन बंद. त्या सर्किटवरची सगळी बटणं बंद, प्लगमधले चार्जर, टीव्ही, राउटर सगळे काढलेले. मग फ्यूजमध्ये दुकानातून मागून आणलेली 5 अँपिअरचीच तार बांधायची, फ्यूज जागेवर बसवायचा आणि मगच मेन चालू. सगळं बंद असूनही उडाला? मग दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये. मेन बंद करा आणि वायरमनला फोन. टिकला, तर एकेक बटण लावत जा, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं देत. ज्या बटणाला उडेल ते सापडलं. ते बंदच ठेवायचं, ‘परत एकदा बघू’ नको. दर वेळी त्या वायरमधून प्रचंड करंट धावतो.

कर्वेनगरला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे गेल्या पावसाळ्यात हेच चाललं होतं. घरमालक काकांचा निकाल आधीच लागलेला, ‘तुम्ही मुली काहीतरी भलतंसलतं लावता, डिपॉझिटमधून कापणार.’ आम्ही शनिवारी बसून वरचा सगळा प्रकार केला. गुन्हेगार निघाला बेडरूमचा बल्ब. नवा आणला, तरी फट्ट. मग मेन बंद करून बल्बच काढून टाकला आणि रिकाम्या होल्डरवर बटण दाबलं. तरीही फट्ट! म्हणजे बल्ब निर्दोष. लोचा बटण ते होल्डर या वायरमध्ये. इथे आम्ही थांबलो.

वायरमनकाका आले ते पिशवीत शंभर वॅटचा जुना, तारेचा बल्ब घेऊन. फ्यूजच्या जागी त्यांनी तो बल्ब जोडला. याला म्हणतात सिरीजचा दिवा. सर्किटमध्ये शॉर्ट असला तर तो झगझगीत पेटतो, पण स्वतःपुरता अर्ध्या अँपिअरहून कमीच करंट जाऊ देतो, म्हणून काही जळत नाही. (एलईडीने हे होत नाही आणि हा प्रयोग घरी तुम्ही करायचाही नाही.) बेडरूमचं बटण दाबलं, दिवा झगझगला. काकांनी भिंतीकडे पाहिलं. बोर्डाच्या बरोब्बर वर घड्याळ. आतली वायर बोर्डातून सरळ वर जाते, त्या उभ्या पट्ट्यात खिळा मारायचा नसतो. त्यांनी मेन बंद करून खिळा काढला. दोन वायरींचं प्लास्टिक त्याने सोललं होतं. भिंत ओलावली की उरलेलं काम पाणी करायचं. घड्याळ कोणी टांगलं होतं? मेमध्ये रंगकाम झाल्यावर, घरमालक काकांनीच. डिपॉझिटचा विषय त्यानंतर निघाला नाही.

तुमच्याकडे एमसीबी असेल तर तपास हाच, फक्त तार बांधायची कटकट नाही. पण ज्यावर ‘टी’ लिहिलेलं टेस्टचं बटण असतं तो आरसीसीबी पडत असेल तर प्रकरण वेगळं. तो करंट जमिनीत गळतोय म्हणून पडतो आणि दिव्याचं बटण बंद असलं तरी पडू शकतो. तो कधीही बायपास करू देऊ नका, वायरमनने सुचवलं तरीही. आणि मीटरजवळच्या सीलबंद कटआउटला हात लावायचा नाही, ते वीज कंपनीचं काम.

वायरमनला फोन करताना ‘लाइट जातेय’ एवढंच सांगू नका. ‘बेडरूमचं बटण लावलं की लगेच उडतो, बल्ब काढला तरी उडतो, पाऊस असला की जास्त,’ असं सांगा. त्या दिवशी आमच्याकडे सगळं काम अर्ध्या तासात उरकलं, छत फोडायची वेळच आली नाही.