शपथ देवाची, फसवणूक मतदाराची

राजकारण नासले ते त्यातून धर्म हद्दपार झाला म्हणून, असा सिद्धान्त एका मान्यवर लेखकाने नुकताच मोठ्या आवेशाने मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कायद्याला पळवाटा असतात, देवाला नसतात. देवाचा धाक असलेला माणूस दिलेला शब्द मोडत नाही. म्हणून मत देताना उमेदवार श्रद्धाळू आहे का, हे आधी पाहावे. हे ऐकायला गोड आहे आणि लोकशाहीला घातक आहे.

देवाच्या धाकाची परीक्षा गोव्यात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली आहे. 2019 च्या जुलैमध्ये तिथल्या प्रमुख विरोधी पक्षाच्या 15 पैकी 10 आमदारांनी सत्ताधारी पक्षात उडी घेतली. तसे पुन्हा होऊ नये म्हणून 2022 च्या निवडणुकीआधी, जानेवारीत, त्या पक्षाने आपल्या उमेदवारांना पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा खुरीस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेले आणि निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. मार्चमध्ये पक्षाचे 11 आमदार निवडून आले. 14 सप्टेंबरला त्यांतले आठ सत्ताधारी पक्षात गेले.

गोव्याच्या माणसाला देवासमोरच्या शब्दाचे मोल शिकवावे लागत नाही. तिथे लग्न ठरवायचे असो की घर बांधायचे, देवळात प्रसाद लावतात. मूर्तीच्या अंगावर पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात आणि उजवी पाकळी पडते की डावी, याकडे सारे घर डोळे लावून बसते. मिळालेला कौल मोडायची छाती सहसा कोणाला होत नाही. अशा मुलखात तीन धर्मांच्या स्थानी दिलेला शब्द आठ महिनेही टिकला नाही. पक्ष सोडणाऱ्यांतल्या एका ज्येष्ठ आमदाराने खुलासा केला, की आपण पुन्हा देवळात गेलो, देवाला विचारले आणि तुला योग्य वाटेल ते कर, असे देवाने सांगितले.

माझा सगळा आक्षेप या खुलाशात आला. देवाला दिलेल्या शब्दातून सुटायला देवाचीच परवानगी पुरली. ती खरोखर मिळाली का, हे तपासण्याचे साधन तुमच्याकडे नाही, माझ्याकडे नाही, न्यायालयाकडेही नाही. साक्षीदार असा निवडला, की ज्याची उलटतपासणी घेता येत नाही. ज्याला विचारता आले असते त्या मतदाराला कोणी विचारलेच नाही. त्या आमदाराच्या श्रद्धेवर मी शंका घेत नाही. ती खरी असेल. पण खऱ्या श्रद्धेचा व्यवहारही माणूस आणि देव यांच्यातच मिटतो आणि आमदारकी काही त्या दोघांची खाजगी बाब नव्हे.

संतांचा दाखला देणाऱ्यांना एवढेच सांगतो, की संतांनी कोणाकडे मते मागितली नव्हती. धर्म पाहून मत द्या म्हणणाऱ्यांनी 1951 चा लोकप्रतिनिधित्व कायदा वाचावा. धर्माच्या नावावर मत मागणे हा त्यात भ्रष्ट आचार आहे. मुंबईच्या सांताक्रूझमधल्या 1990 च्या निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये मतदाराच्या धर्माचे आवाहनही त्यात धरले.

हा वादही नवा नाही. घटनेच्या उद्देशिकेत देवाचे नाव घालावे, अशी सूचना 1949 मध्ये संविधान सभेत आली आणि मतदानात पडली. पदाच्या शपथेत मात्र दोन्ही वाटा ठेवल्या: ईश्वरसाक्ष शपथ घ्या किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. कोणत्याही वाटेने गेलात तरी निष्ठेचे वचन संविधानालाच द्यावे लागते. तो निवाडा शहाणपणाचा होता.

मग नीती कुठे राहिली? ज्यांनी निवडून दिले त्यांना उत्तर देण्यात. 1956 मध्ये अरियालूरच्या अपघातानंतर रेल्वेमंत्र्यांनी राजीनामा दिला. ते कोणत्या देवाला मानतात, हे तेव्हा कोणी विचारले नाही आणि विचारण्याची गरजही नव्हती. कायद्याला पळवाटा असतात हे खरे. पण त्या छापलेल्या असतात, दिसतात आणि बुजवता येतात. दोन तृतीयांश आमदारांनी विलीनीकरण मान्य केले तर त्यांची आमदारकी वाचते, ही दहाव्या परिशिष्टातली सवलत अशीच एक पळवाट आहे. गोव्यातल्या आठ जणांचा आकडा तिच्यात चपखल बसला. ती रद्द करावी. ज्याला पक्ष बदलायचा त्याने आधी आमदारकी सोडावी आणि नव्या चिन्हावर पुन्हा मत मागावे.

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. उमेदवार दारात आला की तो कोणते व्रत करतो, कुठल्या यात्रेला जातो, हे विचारू नका. पक्ष सोडण्याआधी राजीनामा देणार का, हे विचारा आणि उत्तर चार लोकांसमोर द्यायला लावा.