फ्री साईज म्हणजे कुणाच्याच मापाचं नाही

पालकहो, शिक्षकहो,

गेल्या रविवारी आमच्या भागातल्या एका जलाशयावर बोटीत चढताना पाच वर्षांचा मुलगा पाय घसरून पाण्यात पडला. अंगात लाईफ जॅकेट होतं. पाण्यावर तरंगत राहिलं ते जॅकेट. मुलगा त्यातून निसटून खाली गेला. नावाड्याने कपड्यांसकट उडी घेतली आणि दंडाला धरून त्याला वर काढलं, म्हणून ते पोर आज घरी आहे. आई त्याला छातीशी धरून रडत होती, तेवढ्यात धक्क्यावरच्या माणसाने तेच ओलं जॅकेट उचललं आणि रांगेतल्या पुढच्या मुलीच्या गळ्यात घातलं. मी हटकलं तर म्हणाला, “फ्री साईज आहे साहेब, सगळ्यांना बसतं.”

हे पत्रक त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

बोटी कशा भरतात, तपासणी कधी होते, ते तुम्हाला सांगायला नको. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेक मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेली बोट अपघातात बुडाली, तेव्हाही जॅकेटांचाच प्रश्न पुढे आला. ‘जॅकेट घाला’ असं आता सगळे सांगतात. ‘कुठल्या मापाचं?’ असं विचारणारा माणूस मात्र मला अजून एकाही धक्क्यावर भेटलेला नाही.

जॅकेट काम कसं करतं ते नीट समजून घ्या. पाणी जॅकेटला वर ढकलतं आणि अंगाचं वजन माणसाला खाली ओढतं. जॅकेट अंगाला घट्ट बसलं असेल तरच त्याच्याबरोबर माणूस वर येतो. ढिलं असेल तर जॅकेट एकटंच वर येतं. घाबरलेलं मूल हात वर करतं, हात वर गेले की जॅकेटाच्या भोकांतून दोन्ही खांदे सुटतात आणि मूल सरळ खाली जातं. आपण त्याला काहीतरी घातलंय या समाधानात आपली नजर मात्र त्याच्यावरून उडालेली असते.

म्हणून मुलांच्या चांगल्या जॅकेटला दोन्ही मांड्यांमधून घेऊन पुढे अडकवायचा पट्टा असतो. मानेमागे जाड कॉलर असते, कारण लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि पाण्यात पुढे कलंडतं. कॉलरच्या मागे धरून उचलायला मूठ असते. आतल्या बाजूला लेबल असतं, त्यावर किती किलो वजनाच्या माणसासाठी ते आहे ते छापलेलं असतं. हे लेबल उलटून वाचा. मोठ्यांचं जॅकेट साधारण ४० किलोंच्या पुढच्या माणसासाठी बनवतात. पाच वर्षांचं मूल १८ किलोंच्या आसपास भरतं. त्याला ४० किलोंच्या माणसाचं जॅकेट घालणं म्हणजे बापाचा बूट घालून त्याला शर्यतीत पळवणं. पण बुटात पोर फक्त पडेल.

त्या दिवशी रांगेतल्या मुलीच्या आईला विचारून मी एवढंच केलं. बक्कल लावलं, पट्टे ओढून घट्ट केले, जॅकेटचे दोन्ही खांदे धरले आणि वर उचललं. जॅकेट मुलीच्या कपाळापर्यंत आलं. तिच्या चपला फरशीवरून हलल्यासुद्धा नाहीत. या परीक्षेला यंत्र लागत नाही, इंजिनिअर लागत नाही, १० सेकंद लागतात. खांदे उचलल्यावर जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं, तर ते त्या मुलाचं जॅकेट नव्हे.

आता नेहमीची उत्तरं ऐका.

“थोडंच तर अंतर आहे.” तो मुलगा धक्क्यापासून हातभर अंतरावर पडला होता.

“पोरं रडतात, उकडतं, टोचतं.” पोरं इंजेक्शनलाही रडतात. आपण लस चुकवतो का?

“बोटवाला पोहतो की.” बोट उलटली तर वीस जणांमध्ये तो एकटा कुणाकुणाला धरणार? आणि बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हाका मारत नाही. त्याला श्वास पुरत नाही, ते ओरडणार कुठून? ते मिनिटभराच्या आत, गुपचूप दिसेनासं होतं.

“आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलो, आम्हाला कुठे काय झालं?” हे वाक्य मोठ्या अभिमानाने फेकलं जातं, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. मीही डबा बांधूनच शिकलो. त्याआधीच्या पिढ्या वाळल्या भोपळ्यावर आणि पांगाऱ्याच्या बिंड्यावर शिकल्या. पण डबा आमच्याच पाठीच्या मापाने, काचेपर्यंत आवळून बांधलेला असायचा. तो कमरेखाली सरकला की पाय वर आणि डोकं पाण्यात जातं, हे शिकवणाऱ्याला ठाऊक होतं. कमरेला दोर असायचा आणि दोराचं दुसरं टोक काठावर काकांच्या मुठीत असायचं. काका गप्पा मारत नसत, दोराकडे बघत असत. त्या काळाची आठवण काढायची तर डब्याबरोबर दोराचीही काढा. डबा तेवढा लक्षात ठेवलात आणि काकांचा हात विसरलात.

तलावात आणि रिसॉर्टच्या टाक्यांत मुलांच्या दंडात चढवतात ते हवेचे फुगे आणि कमरेतली बदकाची ट्यूब, ही त्याच फ्री साईजची भावंडं. ओल्या दंडावरून फुगा सरकतो. ट्यूब उलटली की पोराचे पाय वर अडकतात आणि डोकं पाण्याखाली राहतं. ही खेळणी आहेत. त्यांच्यावरच बारीक अक्षरांत छापलेलं असतं की यांनी बुडण्यापासून संरक्षण होत नाही. बनवणारा स्वतः सांगतोय आणि आपण वाचायला तयार नाही. हाताच्या अंतरावर मोठं माणूस उभं असेल तर खुशाल खेळू द्या. पण फुगे घातलेत म्हणून काठावर खुर्ची टाकून मोबाईल काढू नका.

शेवटचं आणि सगळ्यात संतापजनक उत्तर: “एवढी मापं ठेवायला परवडत नाहीत.” मुलांचं बरं जॅकेट हजार-दोन हजार रुपयांत मिळतं आणि ते काही वर्षं चालतं. तिकीट १०० रुपये धरा: दहा-वीस तिकिटांत एक जॅकेट. पाच वर्षांच्या मुलाचं तिकीट पूर्ण घेताना तो पूर्ण माणूस असतो, जॅकेट देताना मात्र त्याचं माप नसतं. २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली आणि त्यांतली जवळपास चौथाई पाच वर्षांखालची होती. ज्यांना सगळ्यात जास्त धोका, त्यांच्याच मापाचं जॅकेट धक्क्यावर नाही. याला परवडत नाही म्हणत नाहीत, याला पर्वा नाही म्हणतात.

मागण्या तीनच आहेत. धक्क्यावर मुलांची जॅकेटं वजनाप्रमाणे वेगळी टांगलेली असावीत आणि शेजारी वजनकाटा असावा. मापाचं जॅकेट नसेल तर मुलाला बोटीत घेऊ नये आणि पूर्ण पैसे परत द्यावेत. शाळांनी सहलीआधी प्रत्येक मुलाच्या वजनाची यादी बोटवाल्याला द्यावी आणि मापाची जॅकेटं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मुलं बोटीत चढवू नयेत. गणवेशासाठी शाळा मुलांची मापं घेतेच. जिवासाठीही एकदा घ्या.

त्या मुलीच्या आईने जॅकेट काढून धक्क्यावर ठेवलं, मुलीचा हात धरला आणि ती रांगेबाहेर आली. पैसे परत मिळाले नाहीत. मागची रांग पुढे सरकली, बोट भरली, निघाली. एका आईने काही अडत नाही, हे धंदेवाल्याला माहीत आहे. रांगेतले दहा पालक एकदम बाहेर आले तर बोट रिकामी उभी राहील आणि पुढच्या रविवारी लहान जॅकेटं टांगलेली दिसतील.

पुढच्या वेळी खांदे धरून उचलून बघा. वर सरकलं, तर रांगेतून बाहेर या. हे पत्रक वाचून टाकू नका, मागे उभ्या असलेल्याच्या हातात द्या.

आपला,
एक पालक