सहाव्या दिवसाची घाई

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मेंदूच्या विकारावर लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण सुटीत भोपाळला साकेत नगरात मावशीकडे गेलो असता जे पाहिले, ते मनातून जात नाही. शेजारच्या काकांच्या मेंदूतील फुगलेली रक्तवाहिनी फुटली. शस्त्रक्रिया झाली. सहाव्या दिवशी ते चहा मागू लागले. "आता घरी नेऊ, खर्च तरी वाचेल," घरचे म्हणाले. डॉक्टरांनी नकार दिला. आठव्या दिवशी काकांची वाचा गेली. रुग्णालयातच असल्यामुळे उपचार ताबडतोब झाले आणि वाचा हळूहळू परतली.

असे का व्हावे? सांडलेल्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर पडते. त्याने जवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. साफसफाईला धावलेल्या पांढऱ्या पेशी वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून दाह माजवतात. राखणदारानेच घर पेटवावे, तसे हे! साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत हा धोका असतो.

आज निमोडिपिन हे औषध 21 दिवस देतात. 1989 च्या ब्रिटिश चाचणीत त्यामुळे मेंदूचा भाग मृत होण्याचे प्रमाण शंभरात 33 वरून 22 वर आले. म्हणजे 22 उरलेच. क्लाझोसेन्टानने आकुंचन घटले. पण 2011 च्या मोठ्या चाचणीत रुग्णांची अंतिम स्थिती सुधारली नाही. तेव्हा केवळ वाहिनी सैल करून भागत नाही, दाहालाही आवर हवा.

पांढऱ्या पेशींना भिंतीला चिकटू न देणाऱ्या प्रतिपिंडांनी उंदीर, ससे व माकडांत आकुंचन कमी झाले आहे. मात्र हुरळून जाऊ नये. दाह शमवील अशी आशा असलेले सिमवास्टॅटिन 2014 च्या चाचणीत माणसांत निष्फळ ठरले. शिवाय प्रतिकारशक्ती दाबली, तर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला न्यूमोनिया गाठू शकतो.

माझे मत स्पष्ट आहे. या संशोधनावरचा पैसा हा खर्च नव्हे, गुंतवणूक आहे. साकेत नगरात 2012 पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. अशा सरकारी संस्थांतून माणसांवरील चाचण्या सावधपणे व्हाव्यात. पण नवे औषध येईल तेव्हा येईल. तोवर गरिबालाही चौदा दिवसांची खाट परवडली पाहिजे. सहाव्या दिवशी वाचवलेले पैसे आठव्या दिवशी कोणत्या खात्यात जमा धरायचे?