नेमगिरी : नावात जपलेला इतिहास

परभणी जिल्ह्यात जिंतूरनजीकच्या डोंगरात नेमगिरी हे छोटेसे गाव आहे. ‘नेम’ म्हणजे बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ आणि ‘गिरी’ म्हणजे पर्वत. येथील गुहांमधील जिनमंदिरे या नावाची साक्ष देतात. जैन परंपरेनुसार श्रीकृष्णाचे चुलतबंधू असलेल्या नेमिनाथांचे निर्वाण सौराष्ट्रातील गिरनार पर्वतावर झाले. मराठवाड्यातील या आडवाटेच्या डोंगराच्या नावातून दूरच्या त्या तीर्थाचेही स्मरण होते.

नावे मात्र आपोआप टिकत नाहीत. १९४८ पर्यंत या प्रदेशावर निजामाची राजवट होती आणि कारभार उर्दूत चाले. उर्दू लिपीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांना स्वतंत्र अक्षरे नाहीत. साहजिकच दप्तरात ‘परभणी’चे ‘परभनी’ होई. आजच्या रोमन पाट्याही तेच करतात. उच्चार ढळला की अर्थ पुसट होतो.

२०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, तेव्हा देशभर चर्चा झाली. खेड्यांच्या नावांची चौकशी कोण करतो? गंगाखेडमधील ‘गंगा’ म्हणजे गोदावरी, हे तेथील आजीबाई सहज सांगतील. परका उत्तरेकडे पाहील. ओढे, माळ, शिवार यांच्या नावांचे मर्म जाणणारी ही पिढी मावळत आहे.

गावोगावच्या शिक्षकांनी व तरुणांनी ही नावे आताच वहीत उतरवावीत. मात्र दंतकथा दंतकथा म्हणून आणि पुरावा पुरावा म्हणूनच नोंदवावा. अभिमानाला सत्याचा आधार असेल, तरच तो पुढील पिढीपर्यंत पोहोचेल.