दोघेही घेणारे, मग देणार कोण?

आपल्या संभाजीनगरातल्या फ्लॅटमध्ये भिंतीला भिंत लागून. पहाटे आजोबांना प्रवचन मोठ्यानं लागतं, नातवाची परीक्षा असते. मग मुलं वायरलेस इअरबड्स आणतात, पण ते घरच्या ऑडिओ रिसीव्हरला जोडलेच जात नाहीत. "आजोबा, तुम्हाला जमत नाही," म्हणून सगळे मोकळे होतात आणि आजोबा ऐकणंच सोडतात.

हे मला पटत नाही. कॉमर्सला आम्ही शिकलो, घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. बऱ्याच रिसीव्हरचं ब्लूटूथ मोबाईलवरून आवाज फक्त घेतं. इअरबड्सही घेणारेच. देणाराच नाही, तर जोडी जुळेल कशी?

माहितीपुस्तिकेत 'ट्रान्समीटर' शब्द शोधा. असला तर मेनूत ते चालू करा, मोबाईलचं ब्लूटूथ बंद ठेवा (नाहीतर इअरबड्स तिकडेच जोडले जातात) आणि इअरबड्स पेअरिंगला लावा. नसला तर हेडफोनच्या जॅकला छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर लावा.

विकतानाच दुकानदारानं सांगायला हवं, हा रिसीव्हर आवाज फक्त घेतो की देतोही. तोवर चांगले इअरबड्स अडगळीत टाकू नका, आणि आजोबांना अडाणी ठरवू नका.