सिग्नलला गाडी मान टाकते तेव्हा...

सोमवार, सकाळचे पावणेदहा, नळस्टॉपचा सिग्नल. वर मेट्रो, मध्ये फ्लायओव्हर, खाली अख्खं कोथरूड आणि सगळ्यात पुढे मी. सिग्नल हिरवा झाला, माझ्या झेनने एक उचकी दिली, थरथरली आणि गप्प! मागचा हॉर्नचा कोरस तुम्हाला ठाऊक आहेच. एक बाइकवाला जाता जाता काचेवर टकटक करून म्हणाला, "मॅडम, म्युझियमला द्या आता!"

गाडी बाबांची. २००३ ची. ९९३ सीसी, चार सिलिंडर, आणि दोनदा फिटनेस काढून पाच-पाच वर्षं वाढवून घेतलेलं आयुष्य. बाबांनी गाडी चालवणं कमी केलं तशी किल्ली माझ्याकडे आली. आधी महिन्यातून एकदा बंद पडायची, मग आठवड्यातून, मग रोज. एका मेकॅनिकने स्क्रू पिळून 'रेस वाढवून' दिली. आठ दिवस बरे गेले, पेट्रोल मात्र भसाभसा जायला लागलं. एका चकचकीत सर्व्हिस सेंटरने कॉफी दिली आणि सोबत एस्टिमेट: फ्युएल पंप, सेन्सर, प्लग, वायरी... एकूण अठरा हजार. "नक्की यानेच थांबेल ना?" असं विचारल्यावर उत्तर आलं, "करून बघू."

आता करून बघायला माझी ना नव्हती, पण पैसे माझे होते ना बॉस!

मग तो रविवार. साताऱ्याहून परत येत होतो, बाबा शेजारी, एसी चालू. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलाकडे जो उतार लागतो, तिथे पुढचा ट्रक स्लो झाला. मी पाय काढला, क्लच दाबला आणि इंजिन बंद. पहिला ब्रेक नीट लागला. दुसरा अर्धवट. तिसऱ्याला पेडल दगडासारखं! ब्रेकचा बूस्टर इंजिनच्या ओढीवर चालतो. इंजिन थांबलं की एक-दोन दाबांपुरतीच ताकद शिल्लक राहते. नंतर ब्रेक लागतो, पण सगळा जोर आपल्या पायाचा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सॉलिड टरकली.

बाबा शांतपणे म्हणाले, "घाबरू नकोस. गिअरमध्येच आहे. क्लच सोड." सोडला. चाकांनी इंजिन फिरवलं, इंजिन जागं झालं, पेडल पुन्हा मऊ.

घरी आल्यावर चपला काढता काढता ते एवढंच म्हणाले, "विकून टाक ती." माझ्याकडे न बघता. ज्या माणसाने बावीस वर्षं दर रविवारी ती गाडी स्वतःच्या हाताने पुसली, तो हे म्हणतोय!

म्हणून मी वारज्यातल्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेले. ते काका बॉनेट उघडतील असं वाटलं. त्यांनी आधी प्रश्नच विचारले. "ताई, गार असताना बंद पडते का गरम झाल्यावर? एसी लावल्यावर? हेडलाइट लावल्यावर? पाऊस असताना जास्त? हायवेला ऐंशीने झटके देते का?"

मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता येईना. रोज ऑफिसात क्लायंटला 'नेमका कधी एरर येतो ते लिहून पाठवा' सांगणारी मी! काका म्हणाले, "आठ दिवस जपून चालवा, हायवेला नेऊ नका. आणि लिहून आणा."

मोबाइलमध्ये नोंद ठेवली. आठ दिवसांत अकरा वेळा बंद. अकराही वेळा इंजिन गरम, दहा वेळा एसी चालू, आणि प्रत्येक वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला. सकाळी पहिल्या स्टार्टला एकदाही नाही. पावसाशी काही संबंध नाही.

ही यादी बघून काकांनी निम्मे संशयित तिथेच सोडून दिले. पंप किंवा फिल्टर दमला असता तर चढावर, जोरात पळवताना गाडीने दम टाकला असता. प्लग-वायरी असत्या तर पिकअप घेताना, पावसात मिसिंग झालं असतं. सकाळची गार गाडीच रडली असती, तर तापमानाच्या सेन्सरवर नजर गेली असती. आमची फक्त उभी राहतानाच मरत होती. म्हणजे तिला आयडलिंगला हवा पुरत नव्हती.

गंमत अशी आहे, की पाय काढला की हवेचा मुख्य पडदा जवळजवळ बंद होतो. मग इंजिन जगतं ते शेजारच्या बारीक वाटेने येणाऱ्या हवेवर, आणि त्या वाटेवरचा व्हॉल्व्ह कमीजास्त करून कॉम्प्युटर इंजिन साधारण आठ-नऊशे आरपीएमवर धरून ठेवतो. एसीचा कंप्रेसर लागला की जास्त हवा लागते. वाट काजळीने बुजलेली असली, तर हवा येणार कुठून?

काकांनी हवेचा पाइप काढून पडदा दाखवला. पोळ्यांचा तवा बरा! स्प्रे आणि फडक्याने तासभर सफाई झाली, पिळलेला स्क्रू मूळ जागी आला, बॅटरीची वायर थोडा वेळ काढून जुना हिशेब पुसला.

स्टार्ट केली, तर गाडी ट्रॅक्टरसारखी रेस व्हायला लागली! माझा चेहरा पडला. काका मात्र खूश. "आता खरं बोलली." पक्कड घेऊन त्यांनी इंजिनला जाणारे बारीक रबरी पाइप एकेक करून दाबले. तिसरा दाबला आणि इंजिन एकदम शांत. त्या पाइपाला खालच्या बाजूला चीर होती. इतके दिवस बुजलेल्या वाटेने कमी पडणारी हवा थोडीफार त्या चिरेतून येत होती, म्हणून दोन्ही आजार एकमेकांना झाकत होते. फक्त चीर बुजवली असती तर गाडी आणखीच बंद पडली असती, आणि मी अठरा हजारांचा पंप बसवून आले असते.

(मी आपलं विचारून घेतलं, हे मोबाइलला जोडायचं डायग्नोसिसचं यंत्र ऑनलाइन मागवू का? काका हसले. ओबीडी आपल्याकडे सक्तीची झाली २०१० पासून. तिच्या आधीच्या गाडीत बहुतेक वेळा ते खुपसायला जागाच नसते.)

पाइप, स्प्रे, मजुरी मिळून अकराशे रुपये. बाकीचे रबरी पाइपही वर्षभरात बदला, असं काकांनी बजावलं. रबर वीस वर्षांचं, आणि २०२३ पासून पंपावर आलेलं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. आपल्याच उसाने आपलीच गाडी आजारी पडायची!

शनिवारी बाबांना म्हटलं, "चला, सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन येऊ." ते डावीकडचं दार उघडायला गेले. मी किल्ली पुढे केली. त्यांनी गाडी चालू केली, एसी लावला, हेडलाइट लावले, पाय काढून दोन मिनिटं नुसते ऐकत बसले. मग म्हणाले, "मागची डावी काच कुणी पुसली? डाग राहिलेत."