गोळी, सुई आणि काठी

सुरुवातीलाच दोन खुलासे. शीर्षकातली काठी म्हणजे म्हातारपणाची काठी नव्हे. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीजवळ सातपुड्याच्या कुशीत काठी नावाचं गाव आहे. तिथल्या राजवाडी होळीमुळे बऱ्याच जणांनी नाव ऐकलं असेल. माझे वडील त्या भागातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक, म्हणून आमचं घर तिथे. दुसरा खुलासा असा की माझं शिक्षण मामांकडे राहून कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आढळल्यास त्या संपादक मंडळाच्या खात्यावर जमा कराव्यात!

असो. आता विषयाकडे वळते. सध्या आपल्या मेसच्या टेबलावर क्रिकेटच्या खालोखाल चर्चा असते ती एका इंजेक्शनची. मधुमेहासाठी आलेलं, वजनही उतरवणारं सेमाग्लुटाइड, म्हणजे ओझेम्पिक. "हे म्हणजे आजचं स्टॅटिन आहे," असं वाक्य सर्रास ऐकू येतं. स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी. तिने हृदयविकाराच्या उपचारात क्रांती केली, आता तीच जागा हे इंजेक्शन घेणार, असा त्याचा अर्थ. माझं मत थोडं वेगळं आहे. मला वाटतं, ही तुलना आपण चुकीच्या फूटपट्टीने करतोय.

आधी गोळीची गोष्ट. जपानमध्ये अकिरा एन्डो या शास्त्रज्ञाने हजारो बुरशा तपासल्या आणि १९७३ मध्ये तांदळावरच्या एका निळसर-हिरव्या बुरशीतून पहिलं स्टॅटिन शोधून काढलं. आपलं यकृत एका एन्झाइमच्या मदतीने कोलेस्टेरॉल तयार करतं. गोळी त्या एन्झाइमला अडवते. कारखान्यातलं उत्पादन घटलं की यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं आणि रक्तातली पातळी उतरते. १९८७ मध्ये अमेरिकेत पहिल्या स्टॅटिनला परवानगी मिळाली. तरी डॉक्टरांची खरी खात्री पटली ती १९९४ च्या स्कँडिनेव्हियातल्या अभ्यासाने. त्यात हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण होते. सुमारे साडेपाच वर्षांत, गोळी न घेणाऱ्या दर १०० पैकी १२ दगावले, घेणाऱ्यांपैकी ८. शंभरामागे चार जीव वाचले!

आता सुई. जेवणानंतर आपल्या आतड्यात जीएलपी-१ नावाचं हार्मोन स्रवतं. सेमाग्लुटाइड ही त्याची टिकाऊ नक्कल. साखर वाढली की ते इन्सुलिन वाढवतं, पोट रिकामं व्हायला वेळ लावतं आणि भूक कमी करतं. आठवड्यातून एकदाच घ्यावं लागतं. २०१७ मध्ये अमेरिकेत ते मधुमेहासाठी मंजूर झालं. २०२३ मध्ये १७,६०४ लोकांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे मधुमेह नसलेले, पण वजन जास्त आणि हृदयविकार आधीच असलेले लोक. सुमारे सव्वातीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांचं प्रमाण शंभरामागे ८ वरून साडेसहावर आलं.

इथे मेसमधल्या पंडितांनी एक बारकावा लक्षात घ्यावा. या अभ्यासातले बहुतेक लोक आधीपासूनच स्टॅटिन घेत होते. म्हणजे सुईचा फायदा गोळीच्या *वर* मिळालेला आहे, गोळीच्या *ऐवजी* नाही. दोघी सवती नाहीत, जावा-जावा आहेत. मग "कोण भारी?" हा प्रश्नच बाद होतो. खरा प्रश्न आहे, कोण कुठपर्यंत पोहोचतं?

मोजायचं असेल तर काठीपासून मोजा. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून वर या. गोळीला या प्रवासाचं काही वाटत नाही. ती खिशात बसते, उन्हात फारशी बिघडत नाही, दिवसातून एक घेतली की झालं. शिवाय ती स्वस्त आहे, आणि ते काही आपोआप झालेलं नाही. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे आपल्या कंपन्यांनी वेगळ्या पद्धतीने अटोर्व्हास्टॅटिन बनवलं आणि स्पर्धेने भाव पाडला. २००५ मध्ये कायदा बदलला, रेणूवर पेटंट आलं. सेमाग्लुटाइड या नव्या कायद्याखालचं अपत्य. जून २०२५ मध्ये वजनासाठीचं वेगोव्ही भारतात आलं तेव्हा महिन्याचा खर्च सतरा हजारांच्या पुढे होता. नंतर किंमत उतरवली गेली. भारतातल्या मूळ पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, म्हणजे भावाचा अडसर हळूहळू दूर होईल.

पण भाव हा पहिलाच अडसर झाला. दुसरा अडसर थंडीचा. न उघडलेलं इन्सुलिन काय किंवा सेमाग्लुटाइड काय, २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. गोठलं तरी वाया, तापलं तरी वाया. वीज दिवसभर गेली की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. आमच्या शेजारचे एक आजोबा चालू वापरातली इन्सुलिनची बाटली माठात ठेवतात. मोठा माठ, त्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं. मेकॅनिकलवाल्यांनो, हे आपलं बाष्पीभवन! कोरड्या उन्हाळ्यात मडक्याचं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच उतरतं. उघडलेली बाटली काही आठवडे सांभाळायला तेवढं पुरतं, नवा साठा करायला मात्र पुरत नाही. आपण प्रोजेक्टला दरवर्षी तेच ते मॉडेल करतो. विजेशिवाय पाच अंश टिकवणारी छोटी पेटी कोणी का करत नाही?

तिसरा अडसर तपासणीचा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मधुमेहाचा आढावा घ्यायला डॉक्टर एचबीएवनसी करायला सांगतात. ही तपासणी लाल रक्तपेशींवर किती साखर चिकटली ते मोजते. पण आमच्या सातपुड्यात सिकलसेल आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही. परिणामी आकडा खोटा कमी येतो. कागदावर माणूस बरा, अंगात साखर! अशा ठिकाणी थेट रक्तातली साखर तपासायला हवी. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. माझं म्हणणं एवढंच, की सिकलसेलचं कार्ड आणि मधुमेहाचा केसपेपर या दोघांची एकमेकांशी ओळख करून द्या.

चौथा अडसर शरीराचा. मधुमेह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सुटलेलं पोट येतं. पण लहानपणापासून अर्धपोटी राहिलेल्या, किडकिडीत माणसालाही मधुमेह होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये कुपोषणाशी निगडित मधुमेह हा वेगळा प्रकार मानला, १९९९ मध्ये यादीतून काढला, आणि एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप ५' म्हणून पुन्हा मान्यता दिली. नंदुरबारचं कुपोषण वर्तमानपत्रात वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको. ज्याचं वजनच ४० किलो, त्याची भूक मारणारं इंजेक्शन हे औषध की शिक्षा? सुईवरचा तो मोठा अभ्यास अशा माणसांवर झालेलाच नाही.

म्हणजे सुई वाईट का? मुळीच नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत, आणि त्यातल्या अनेकांना ती जीवदान देईल. सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला आवश्यक औषधांच्या यादीतही घेतलं. उलट आमच्याकडे तिचा एक गुण गोळीपेक्षा सरस ठरू शकतो. रोजची गोळी विसरली जाते, मजुरीसाठी गुजरातेत गेलेल्या माणसाची तर महिनोन्महिने तुटते. पण आठवडे बाजार कोणी विसरत नाही! ज्याला खरी गरज आहे त्याला बाजाराच्या दिवशी आरोग्यसेविकेने सुई दिली तर? हा विचार शहरात कोणाला सुचणार नाही, कारण तिथे आठवडे बाजार नाही.

फक्त क्रम चुकू नये. १९२३ मध्ये इन्सुलिनच्या संशोधकांनी आपलं पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिलं, ते सर्वांना मिळावं म्हणून. त्याला शंभर वर्षं उलटली, तरी आमच्याकडचा माणूस इन्सुलिनसाठी माठावर अवलंबून आहे. आधी जुनी सुई आणि स्वस्त गोळी डोंगरावर बाराही महिने मिळू दे, तपासणी बरोबर होऊ दे, मग नवी सुई आणा. नाहीतर नव्या औषधाची जाहिरात घाट चढेल आणि औषध खालीच राहील.

आपल्यापैकी काही जण उद्या औषध कंपनीत लागतील, काही वीज मंडळात, काही सॉफ्टवेअरमध्ये. तिथे कोणी "हे नवं स्टॅटिन आहे" म्हणालं तर एवढंच विचारा, काठीला कधी पोहोचणार? उत्तर आलं नाही तर ते शोधणं आपलं काम. इंजिनियर म्हणतात ना आपल्याला!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल